आतड्याला पेशींची मात्रा लागू पडेल?

डिसेंबर २०२४ मध्ये टाकेडा या जपानी कंपनीने ‘अलोफिसेल’ हे औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले. औषध म्हणायचे, पण कुपीत रसायन नव्हते. निरोगी दात्याच्या चरबीतून काढून वाढवलेल्या जिवंत पेशी होत्या, एका मात्रेत बारा कोटी. क्रोन्स डिसीजमध्ये गुदद्वाराजवळ जे चिवट भगंदर होते, त्यात शल्यविशारद या पेशी टोचत. युरोपने २०१८ मध्ये त्याला परवानगी दिली, तेव्हा आतड्याच्या जुनाट दाहावरचा पेशी-उपचार तिथे पहिल्यांदाच प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोचला होता.

त्या परवानगीमागे २१२ रुग्णांची चाचणी होती. २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांचे भगंदर भरले होते, नुसते सलाइन टोचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांचे. मग ५६८ रुग्णांची दुसरी, मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ मध्ये आला: ४८.८ टक्के विरुद्ध ४६.३ टक्के. फरक जवळजवळ पुसला गेला. दोन्ही गटांतल्या रुग्णांचे भगंदर आधी खरवडून स्वच्छ केले जात होते आणि त्याचे आतले तोंड शिवले जात होते. बरे होण्यात मोठा वाटा त्या नेटक्या शस्त्रक्रियेचाच असावा.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्याला ही घटना दोन बाजूंनी भिडते. इथे या आजाराचे रुग्ण आहेत, आणि आजारावरची औषधे बनवणारे कारखानेही आहेत. म्हणून रोगप्रतिकारक पेशींच्या उपचारांत आजवर काय हाती लागले, काय निसटले आणि अडते कुठे, याचा हिशेब इथूनच मांडायला हवा.

आजार आणि त्याला मिळणारी चुकीची नावे

आतड्याचा जुनाट दाह मुख्यतः दोन रूपांत दिसतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. गुदाशयापासून सुरू होतो आणि वर सरकतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. त्यातून आतडे आकसते, भगंदर होते. दोन्ही आजार बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतात. रक्त-आव, मुरडा, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावे लागणे आणि कशानेच न जाणारा थकवा ही त्यांची लक्षणे.

हा आजार पाश्चात्त्यांचा, ही समजूत भारतात फार वर्षे होती. लुधियानात डॉ. अजित सूद यांच्या गटाने घरोघर जाऊन पाहणी केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांच्या वर होती. पंजाबचे प्रमाण इथे लावले, तर एकट्या महापालिका हद्दीत तेव्हाच साडेसातशेच्या आसपास रुग्ण निघतात. हा ढोबळ अंदाज आहे. क्रोन्सचे रुग्ण त्यात धरलेले नाहीत, आणि शहरही तेव्हापासून बरेच वाढले आहे.

कारखान्यात या आजाराचा जाच वेगळाच असतो. असेंब्ली लाइन कोणासाठी थांबत नाही. जागा सोडायची तर रिलीव्हर यावा लागतो. एका पाळीत सहा-सात वेळा जागा सोडणारा कंत्राटी कामगार सुपरवायझरच्या नजरेत कामचुकार ठरतो, आणि आजाराचे नाव कळण्याआधीच त्याला काम जाण्याची धास्ती लागते. मग तो पाळीच्या दिवशी जेवणच टाळतो. वजन आणखी उतरते.

नाव कळायलाही वेळ लागतो. रक्त दिसले की मूळव्याध, असे आधी स्वतःच ठरवले जाते, आणि मूळव्याध-भगंदराच्या पाट्या तर चौकाचौकांत आहेत. क्रोन्सच्या बाबतीत दुसरा चकवा क्षयाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून आणि तुकड्याच्या तपासणीतही एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यामुळे भारतात अनेक रुग्णांना आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात, आणि भरले नसतील तर क्रोन्सचा विचार होतो. या सावधगिरीला कारण आहे. क्रोन्सवरची काही प्रभावी औषधे शरीरात दबून राहिलेला क्षय जागा करतात.

शांतता राखणाऱ्या पेशी

आतड्याची अवस्था मुळात विलक्षण आहे. अब्जावधी जिवाणू आणि रोजचे परके अन्न यांच्या शेजारी शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा असतो, आणि तरी एरवी तिथे युद्ध पेटत नाही. हे कसे साधते, याचे एक मोठे उत्तर १९९३ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळाले. फियोना पॉवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशींचा एकच गट दिला. त्यांच्या मोठ्या आतड्याला भयंकर दाह झाला. सोबत टी-पेशींचा दुसरा गट दिला, तेव्हा दाह झाला नाही.

त्या दुसऱ्या गटात दडलेल्या होत्या नियामक टी-पेशी, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे ‘ट्रेग’ म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळखखूण दाखवली. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘फॉक्सपी-३’ हे जनुक शोधले. या पेशींचा कारभार त्याच्या जोरावर चालतो, हे पुढे स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसातला पुरावाही आहे: हे जनुक बिघडलेले घेऊन जन्मलेल्या मुलांना जे अनेक त्रास होतात, त्यांत आतड्याचा तीव्र दाह आणि न थांबणारे जुलाब ठळक असतात.

या शोधाचा एक धागा पुण्यातही आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की ‘इंटरल्युकिन-३’ हे संदेशवाहक प्रथिन नियामक टी-पेशींच्या वाढीला हातभार लावते आणि उंदरांमधला सांध्यांचा दाह त्याने कमी होतो. काम सांध्यांवरचे होते, पण पेशी त्याच.

पेशी न टोचता पेशींवर उपचार

आज रुग्णाला प्रत्यक्ष मिळणारी बहुतेक औषधे पेशींच्या वर्तनावरच चालतात. इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले. ते दाहक पेशींनी सोडलेला ‘टीएनएफ’ हा रेणू निकामी करते. अडालिमुमॅबही तसेच, फक्त ते घरी पोटाच्या त्वचेखाली टोचता येते. २०१४ मध्ये आलेले व्हेडोलिझुमॅब दाहक पेशींना रक्तातून आतड्यात शिरूच देत नाही. त्याचा परिणाम बराचसा आतड्यापुरता राहत असल्याने क्षयाची भीतीही कमी, आणि भारतासाठी हे मोलाचे आहे.

तरी या औषधांची पोच किती? व्हेडोलिझुमॅब आणि अडालिमुमॅब यांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ७६९ रुग्ण होते. वर्षभराने पहिल्या औषधावर ३१.३ टक्के आणि दुसऱ्यावर २२.५ टक्के रुग्णांचा आजार शांत होता. म्हणजे उत्तम औषध घेऊनही दहापैकी जवळपास सात जण तिथवर पोचले नाहीत. पेशी-उपचारांचा शोध चालू आहे तो या सात जणांसाठी.

चार वाटा

पहिली वाट पेशी काढून टाकण्याची. जपानमध्ये २००० पासून अल्सरेटिव्ह कोलायटिसवर एक उपचार मान्य आहे. एका हातातून रक्त बाहेर काढायचे, बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून फिरवायचे आणि दुसऱ्या हातात परत सोडायचे. दाहात पुढे असणाऱ्या काही पांढऱ्या पेशी त्या मण्यांना चिकटून राहतात. तासाभराचे काम, दुष्परिणाम थोडे. जपानी डॉक्टरांचा यावर विश्वास आहे. पण अमेरिकेत खोट्या उपचाराशी तुलना करणारी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १७ टक्के विरुद्ध ११ टक्के असा निकाल आला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

दुसरी वाट सगळी पाटी पुसून नव्याने सुरुवात करण्याची. रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी काढून ठेवायच्या, जबर औषधांनी त्याची रोगप्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर आणायची आणि मग त्या मूळपेशी परत द्यायच्या. क्रोन्सच्या ४५ रुग्णांवरच्या युरोपीय चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. ठरवलेल्या कडक निकषावर प्रत्यारोपण झालेल्या २३ पैकी दोघे उतरले, न झालेल्या २२ पैकी एक. गंभीर दुष्परिणाम पुष्कळ झाले आणि एक रुग्ण दगावला. नंतर ब्रिटनमध्ये सौम्य मात्रेची चाचणी झाली. काही रुग्णांचे व्रण खरोखर भरले, पण सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे ती मध्येच थांबवावी लागली. आतड्याचा दाह छळतो, पण तो बहुधा जीव घेत नाही. जीव घेऊ शकणारा उपचार त्यावर वापरण्याआधी फार मोठा फायदा दिसायला हवा.

तिसरी वाट सर्वांत जास्त आशा लावणारी: शांतता राखणाऱ्या पेशी वाढवून परत देणे. फ्रान्समध्ये टीएक्ससेल या कंपनीने क्रोन्सच्या २० रुग्णांवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्याच रक्तातून अशा नियामक पेशी निवडल्या, ज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातले प्रथिन ओळखतात. त्या वाढवून शिरेतून दिल्या आणि आहारात ते प्रथिन ठेवले, म्हणजे पेशी आतड्यात पोचल्यावर तिथेच कामाला लागतील. पाच आठवड्यांनी २० पैकी ८ रुग्णांत सुधारणा दिसली. विशेष असे, की जास्त पेशी दिल्या म्हणून जास्त फायदा झाला नाही. दहा लाख पेशींची लहान मात्रा मिळालेल्यांत प्रतिसाद चांगला होता. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता, आणि या आजारात चढउतार आपोआपही होतात. पुढचे काम उत्पादनाच्या अडचणींत रखडले. २०१८ मध्ये कंपनी अमेरिकेच्या सँगॅमोने विकत घेतली.

लंडनचे किंग्ज कॉलेज आणि जर्मनीतील एर्लांगेन इथेही रुग्णाच्या स्वतःच्या ट्रेग पेशी वाढवून देण्याचे प्रयोग चालू झाले. तिथे दोन कोडी सोडवावी लागतात. दिलेल्या पेशी आतड्याकडेच वळायला हव्यात. त्यासाठी लंडनच्या गटाने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रेणूंचा वापर करून पेशींवर आतड्याकडे नेणारी खूण उमटवण्याचा मार्ग शोधला. आणि दाह पेटलेल्या जागी गेल्यावर या पेशी शांतता सोडून स्वतःच दाहक होऊ नयेत. दुसरे कोडे अधिक अवघड आहे.

याच वाटेला बार्सिलोनाचा प्रयोग येतो. रुग्णाच्या रक्तातून ‘सहिष्णू’ डेन्ड्रिटिक पेशी तयार केल्या. या पेशी इतर पेशींना कशावर हल्ला करायचा आणि काय सोडून द्यायचे हे शिकवतात. क्रोन्सच्या नऊ रुग्णांना त्या पोटाच्या पोकळीत दिल्या. २०१५ मधल्या अहवालानुसार तिघांना फायदा झाला, तिघांना आजार बळावल्यामुळे प्रयोग सोडावा लागला.

चौथी वाट कर्करोगाकडून आली. टी-पेशीत नवे जनुक घालून तिला ठरावीक लक्ष्य दाखवायचे, म्हणजे कार-टी. एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराच्या पाच रुग्णांवर ती वापरली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नष्ट झाल्या आणि पाचही जणांचा आजार शांत झाला. २०२५ मध्ये त्याच केंद्राने सगळी औषधे थकलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णावर हाच उपचार केल्याचे कळवले, आणि आजार औषधांविना शांत झाला. एकाच रुग्णाचा अनुभव हा पुरावा म्हणून पुरत नाही. पण चाचणी घ्यायला तो पुरेसे कारण आहे.

चाकणला पेशी नव्या नाहीत

या चारही वाटांवर जीवशास्त्राइतकाच अडसर उत्पादनाचा आहे, आणि इथे या पट्ट्याचा संबंध येतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. बुरशीला टाकीत वाढवून पेनिसिलिन काढायचे, टाकीत परका जंतू शिरू द्यायचा नाही, प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासायची, हे कसब इथल्या कामगारांनी एमआयडीसी स्थापन होण्याच्या काही वर्षे आधीच आत्मसात केले होते. आज अल्केम लॅबोरेटरीजची उपकंपनी एन्झिन बायोसायन्सेस भोसरीत संशोधन आणि चाकणला उत्पादन करते. तिच्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाच्या प्रतिकृती असलेल्या, औषधांत अडालिमुमॅबही आहे. अडालिमुमॅबसारखी औषधे हॅम्स्टरच्या बीजकोशातून आलेल्या पेशी बायोरिअॅक्टरमध्ये वाढवून बनतात. एन्झिनचा भर सलग उत्पादनावर आहे: टाकीत ताजे पोषणद्रव्य येत राहते, तयार प्रथिन बाहेर जात राहते, पेशी आत काम करत राहतात. बायोसिमिलरमुळे भारतात काय घडते, तेही अनुभवाने माहीत आहे. झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅबची जगातली पहिली प्रतिकृती आणली, ती मूळ औषधाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या किमतीत.

पेशी-उपचाराचे गणित मात्र उलटे आहे. चाकणच्या टाकीतल्या एका घाण्यातून हजारो मात्रा निघतात आणि पेशी फेकून दिल्या जातात. ट्रेग किंवा कार-टीमध्ये पेशी हाच माल असतो, आणि एक घाणा म्हणजे एक रुग्ण. त्याचे रक्त घ्यायचे, हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या, दोन-तीन आठवडे वाढवायच्या, निर्जंतुकता आणि ओळख तपासायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या आणि त्याच माणसापर्यंत परत न्यायच्या. नाव किंवा क्रमांक चुकला तर अनर्थ. हजार मात्रांसाठी एकदा करायची गुणवत्ता-तपासणी इथे प्रत्येक मात्रेसाठी करावी लागते, आणि खर्च तिथे चढतो.

हा खर्च उतरवता येतो, हे महाराष्ट्राने दाखवले आहे. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत विकसित केलेली ‘नेक्सकार-१९’ ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात ती मिळते. तरी ती लाखांतच जाते, आणि आतड्याच्या दाहासाठी ती नाही.

खर्चाचा डोंगर ओलांडायची आणखी एक दिशा जगात तपासली जात आहे: पेशी बाहेर न काढता, चरबीच्या सूक्ष्म कणांतून एम-आरएनए टोचून शरीरातच टी-पेशींना कार-टी बनवायचे. तसे झाले, तर एका रुग्णामागे एक घाणा हे बंधन सुटेल. हिंजवडीच्या जेनोव्हाने कोविडकाळात देशातली पहिली एम-आरएनए लस इथेच बनवली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. लस आणि कार-टी यांत अंतर मोठे आहे, पण रेणू बनवण्याचे आणि कणांत भरण्याचे तंत्र या परिसरात आलेले आहे.

दुकानातल्या ‘स्टेम सेल’

विज्ञान इतके सावकाश चालत असताना बाजार थांबत नाही. मधुमेह, संधिवात, स्वमग्नता, आतड्याचे विकार, सगळ्यांवर एकच ‘स्टेम सेल’ विकणारी केंद्रे देशभर आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि २०२१ च्या पुरावा-आढाव्यात स्पष्ट लिहिले आहे: रक्तविकारांसारख्या ठरलेल्या आजारांतले रक्त-मूळपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सगळे फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येते. चाचणी खरी असेल, तर तिला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा क्रमांक असतो, नैतिकता समितीची मंजुरी असते, आणि तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. कोणी पेशी टोचण्यासाठी दोन-चार लाख मागत असेल, तर रुग्णाने तिथून उठावे. अलोफिसेलसारखे कसोशीने बनवलेले औषध ५६८ रुग्णांच्या चाचणीत टिकले नाही. चाचणीच न झालेल्या कुपीवर घरातले दागिने मोडू नयेत.

आत्ता करता येण्यासारखे

पेशी-उपचार येतील तेव्हा येतील. ट्रेग आणि कार-टीच्या तुलनात्मक चाचण्यांचे निकाल हाती येईपर्यंत कोणत्याही रुग्णाने त्यावर आपले वेळापत्रक बांधू नये. या पट्ट्यातल्या रुग्णाचे नुकसान आज होते ते उशिरा होणाऱ्या निदानामुळे आणि अर्धवट सुटणाऱ्या औषधांमुळे. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, पण वर्षानुवर्षे चढउतार होणाऱ्या आजाराला हे दिवस अपुरे पडू शकतात. पगार मर्यादेच्या वर गेला की कामगार पुढे या छत्राबाहेर पडतो, आणि बायोलॉजिक इंजेक्शने तर वर्षानुवर्षे लागतात.

संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचे आहे, चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे, पिंपरीत डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. या तिन्ही ठिकाणच्या आतड्याच्या दाहाच्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही सुरू करता येईल. सहा आठवड्यांहून जास्त रक्त-आव असणाऱ्याला दुर्बिणीची तपासणी मिळालीच पाहिजे, असा नियम करता येईल. मोठ्या कंपन्यांच्या वैद्यकीय कक्षांनी या आजाराच्या कामगाराला शौचालयाजवळची जागा आणि रिलीव्हरचा हक्क लेखी द्यावा. त्याला ना नवे तंत्रज्ञान लागते, ना मोठा पैसा. आणि चाकणला बनणारी अडालिमुमॅबची कुपी चाकणच्याच विमाधारक कामगाराला सलग मिळावी, यासाठी विमा महामंडळ आणि उत्पादक यांनी दरकरार करावा. पुढे इथे ट्रेगची चाचणी घ्यायची वेळ आली, तर तिला लागणारे नीट निदान झालेले, सातत्याने पाठपुरावा असलेले रुग्ण याच नोंदवहीतून मिळतील.